ठोकून बघणारे डॉक्टर

सई, ईशान,

परवा फोनवर सई सांगत होती की तिच्या कॉलेजात परीक्षेला खरे रुग्ण नसतात, नट असतात. ते ठरवून कण्हतात आणि शेवटी विद्यार्थ्याला गुणही देतात. त्यावर ईशान म्हणाला, "आजी, तुला जमेल का गं असं आजारी पडायला?" तेवढ्यात दारावर पाववाला आला आणि बोलणं तिथेच राहिलं. आता नीट उत्तर देते. मी परीक्षेसाठी एकोणतीस वेळा आजारी पडले आहे. आजारांच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत, त्या मोजल्या. त्यातल्या अकरा वेळा माझ्या छातीत दुखत होतं, सहा वेळा पोटात, आणि एकदा तर मला माझं नावच आठवत नव्हतं. पुढे मला या कामावरून काढून टाकण्यात आलं. ज्यांनी काढलं त्यांच्याबद्दल तुम्हाला लिहायचं कधीपासून मनात होतं.

तुमचे आजोबा गेल्यावर खालचा मजला भाड्याने द्यायचं मी ठरवलं. बघायला आलेल्या लोकांनी स्वयंपाकघर बघितलं, नळ सोडून बघितले, पार्किंगचं विचारलं. डॉक्टर आले ते थेट भिंतीशी गेले. डाव्या हाताचं मधलं बोट भिंतीवर सपाट ठेवायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर दोनदा ठोकायचं, मग एक पाऊल सरकून पुन्हा तेच. चारी भिंती झाल्यावर ते म्हणाले, "बाई, बाकी छान आहे. ह्या कोपऱ्यात बद्द आवाज येतोय. आतून ओल आहे. गिलावा पडेल." मी शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सगळं गाव मला बाई म्हणतं, आणि त्यांनीही पहिल्या दिवसापासून तेच सुरू केलं. मी मनात म्हटलं, भाडं कमी करून घ्यायची ही नवी पद्धत दिसते. पण भाड्याचं ते काही बोलले नाहीत. पुढच्या श्रावणात त्या कोपऱ्यातला गिलावा पडला.

ते मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिनचे प्राध्यापक होते. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत का आले, ते कोणाला माहीत नव्हतं. इथे त्यांचं घर नव्हतं, नातलग नव्हते, आंब्याची बाग नव्हती. पत्नी आधीच वारल्या होत्या आणि मुलगी बंगळुरात. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "इथली हवा दमट आहे, आवाज चांगला लागतो." हे उत्तर नव्हतं हे मला कळलं, पण मी पुन्हा विचारलं नाही.

ठोकून बघण्याची त्यांची सवय जगजाहीर होती. फणस, गॅसचा सिलिंडर, गच्चीवरची टाकी, बँकेतलं काउंटर. टाकीत किती पाणी आहे ते ते खालून ठोकत वर जाऊन चार बोटांच्या फरकाने सांगत. मिरकरवाड्याहून आमच्याकडे मासे घेऊन येणारी बाई त्यांना लांबूनच बजावायची, "म्हातारबुवा, ताजा हाय तो! त्याची छाती नका ठोकू!" ते गंभीरपणे म्हणत, "नाही ठोकत. त्याला तू जास्त ओळखतेस."

दुसरी एक सवय मला अजिबात समजायची नाही. अधूनमधून एखाद्या गुरुवारी ते स्वच्छ शर्ट घालून, छत्री आणि पिशवी घेऊन एसटी स्टँडवर जात. तासाभराने परत येत. पिशवीत एक वर्तमानपत्र आणि अर्धा डझन केळी. केळी आमच्या कोपऱ्यावरच मिळतात. मी हे वेडेपणाच्या खात्यात घालून सोडून दिलं.

आता मुलांबद्दल सांगते. आपल्या जिल्ह्यातली बरीच मुलं डॉक्टर व्हायला परदेशी जातात. पाच-सहा वर्षं बर्फात काढून, तिथली भाषा अर्धीमुर्धी शिकून, पदवी घेऊन परत येतात. इथे आल्यावर त्यांना आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय इंटर्नशिप नाही, परवाना नाही, नावाआधी डॉक्टर लावायचं नाही. परीक्षा संगणकावर असते. प्रश्न येतो, खाली चार उत्तरं येतात, एकावर खूण करायची. पुष्कळ मुलं नापास होतात, पुन्हा बसतात, पुन्हा होतात. घरी पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाऊन बसतात, कारण पाहुणे विचारणार, "काय डॉक्टर, दवाखाना कधी?"

असा एक मुलगा आमच्या शेजारी होता. डॉक्टरांनी त्याला एका रविवारी व्हरांड्यात बसवलं. सहा महिन्यांनी तो पास झाला आणि मग लांजा, राजापूर, चिपळूण कुठून कुठून मुलं यायला लागली. डॉक्टर फी घेत नसत. पण प्रत्येक विद्यार्थ्याने एक माणूस आणायचा, ज्याला वेळ आहे आणि जो तपासून घ्यायला तयार आहे. आजोबा, आत्या, शेजारी, कोणीही. एका मुलाला कोणीच मिळेना. डॉक्टर म्हणाले, "तुझ्यापुढे पाठ उघडी करायला गावात एक माणूस तयार नाही, तर तू डॉक्टर होणार कोणाचा?" तो मुलगा पुढच्या आठवड्यात गावच्या पोस्टमनला घेऊन आला. पोस्टमनकाकांना हे इतकं आवडलं की ते वर्षभर येत राहिले.

व्हरांड्यात एका तांब्यात कोमट पाणी असे. हात त्यात बुडवून, पुसून, मगच माणसाला लावायचा. "थंड हात लागला की पोट आकसतं. आकसलेलं पोट काही सांगत नाही." आधी नाव विचारायचं. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून. आणि उत्तर शाईने लिहायचं. हा नियम सगळ्यांत कडक. लिहिलेलं उत्तर खुर्चीत बसून बदलायचं नाही. शंका आली तर उठायचं, त्या माणसाकडे जायचं, हात लावायचा आणि मग हवं तर खोडायचं. "परत रुग्णाजवळ जा," हे वाक्य मी वर स्वयंपाकघरात एका सकाळी वीस वीस वेळा ऐकत असे.

पालकांना हे पटत नसे. राजापूरहून एक गृहस्थ आले होते, स्वतः शिक्षक. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचं सगळं मान्य. पण परीक्षेत पेशंट नाही हो. माऊस आहे."

"माऊस कोण धरतं?"

"मुलगा."

"मग त्या मुलाला काहीतरी माहीत असू दे. माऊसला काहीच माहीत नसतं."

दुपारी ते संगणकाचे प्रश्नही सोडवून घेत, पण त्यातही त्यांची तऱ्हा. मुलगा वाचे, "पंचेचाळीस वर्षांचा पुरुष, दोन आठवडे धाप लागते." डॉक्टर विचारत, "काय काम करतो? जिना चढून आलाय की रिक्षाने?"

"सर, प्रश्नात दिलेलं नाहीये."

"मग विचार त्याला."

"कोणाला सर? कॉम्प्युटरला?"

पोरं हसून लोळायची. डॉक्टर मात्र दाराकडे बघत, जणू तो पंचेचाळीस वर्षांचा माणूस बाहेर चपला काढतोय.

एक दिवस माणसं कमी पडली आणि त्यांनी मला खाली बोलावलं. हातात चिठ्ठी दिली. वय, छातीत दुखणं काल सकाळपासून, डाव्या हातात कळ. शेवटची ओळ: वडील हृदयविकाराने गेले, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. "विचारल्याशिवाय" खाली दोन रेघा. मी चिठ्ठीतला एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि आजारी पडले. मला ते जमतं हे माझ्या लक्षात आलं. पण एकोणतिसाव्या वेळी घोटाळा झाला. लांज्याचा एक लाजाळू मुलगा समोर होता. त्याने सगळं विचारलं, फक्त घरच्यांचं विचारायला विसरला. तो उठायला लागला तसं माझ्यातल्या बत्तीस वर्षांच्या मास्तरणीला राहवेना. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, आमच्या वडिलांचंही अस्संच झालं होतं हो," आणि पदराने डोळे टिपले.

डॉक्टरांनी हात वर केला. "बाई, तुमचे वडील आज न विचारता वारले. तुम्हाला कामावरून काढलं आहे."

"मुलगा नापास होत होता," मी म्हटलं.

"होऊ द्या. इथे होऊ द्या."

मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते वर आले, हातात लांब जाड वही. म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे आणि तुम्ही गप्प बसू शकत नाही. तेव्हा लिहीत बसा." अशी मी परीक्षा विभाग झाले. वहीत रकाने मीच आखले: तारीख, रुग्ण, विद्यार्थी, उत्तर, बरोबर की चूक. शेवटचा रकाना त्यांनी वाढवला आणि तो रुग्णाने स्वतः भरायचा असे. याला परत घरी बोलवाल का? हो किंवा नाही. कधी कधी उत्तर बरोबर असे आणि शेवटच्या रकान्यात "नाही." डॉक्टर अशा मुलाला चहा देत आणि तांब्याकडे बोट दाखवत.

प्रज्ञा आली ती तात्यांबरोबर. तात्या म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर, लांज्याच्या बाजूला तिच्याच वाडीतले. तिचे वडील मुंबईत कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला. वाडीत शिकलेले लोक पुष्कळ आहेत, शिक्षक, कारकून, पण डॉक्टर ती पहिलीच. म्हणजे होणार होती. दोनदा नापास झाली होती. वडिलांनी फोनवर सांगितलं होतं की आता ही शेवटची, नाहीतर पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी बघू. हे सगळं तात्यांनी पायरीवर बसल्या बसल्या सांगितलं. ती खाली बघत उभी होती. "बाई, पोरगी हुशार हाय हो. पन परीक्षेत काय होतं तिला, देव जाणे." मग स्वतःच हसले, "म्हंजे आमी देव मानत नाय, पन तुमाला कळलं ना."

काय होतं ते डॉक्टरांना आठवड्यात कळलं. तिचा हात फार चांगला होता. पोटावर ठेवला की आजीबाया डोळे मिटून घ्यायच्या. उत्तर पहिल्यांदा बरोबर यायचं. आणि मग ती दुसऱ्याच्या कागदाकडे बघायची, किंवा डॉक्टरांच्या भुवईकडे, आणि उत्तर बदलायची. संगणकावरही तेच. एकदा त्यांनी तिच्या शेजारी बसून मोजलं. बदललेल्या उत्तरांपैकी बहुतेक आधी बरोबर होती. त्या दिवशी ते वर येऊन माझ्याकडे बसले. म्हणाले, "हिला शिकवायचं काही नाही. हिचं कोणीतरी काढून घेतलंय ते परत द्यायचंय. ते मला येत नाही."

परीक्षेआधीच्या शेवटच्या रविवारी त्यांनी पूर्ण सराव परीक्षा ठेवली. व्हरांड्यात तीन खुर्च्या, तीन रुग्ण. तात्यांना दोन वर्षांपूर्वी क्षय झाला होता, छातीच्या उजव्या बाजूला पाणी भरलं होतं, औषधं पूर्ण करून ते बरे झाले होते. डॉक्टरांनी सकाळी तिघांनाही तपासून स्वतःच्या चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या, खिशात ठेवल्या. तात्यांना तंबी दिली होती, एक अक्षर बोलायचं नाही. पण मीच बोलले होते, तर तात्या कसले गप्प बसतात. प्रज्ञा पाठीमागे गेली तसे ते कुजबुजले, "उजवीकडं हां बाय. पाणी हाय तिथं."

मी वहीत मान घातली. तात्यांना बोलायची माझी योग्यता नव्हती.

प्रज्ञाने ठोकलं. वरून खाली, दोन्ही बाजू. पुन्हा ठोकलं. कान लावून ऐकलं. मग टेबलाशी येऊन शाईने लिहिलं आणि वाचलं, "दोन्ही बाजू सारख्या वाजतात. पाणी नाही."

डॉक्टरांनी खिशातली चिठ्ठी काढून उघडली. "मी सकाळी बघितलंय. उजवीकडे बद्द आवाज आहे. तात्याही तुला तेच सांगत होते, मी ऐकलं नाही पण ओठ बघितले. उत्तर बदलायचंय?"

बाकीची मुलं कागदांकडे बघायला लागली, कारण त्यांनी सगळ्यांनी पाणी लिहिलं होतं. पेन प्रज्ञाच्या हातात होतं. ती उठली, तात्यांच्या पाठीशी गेली, हात पुन्हा तांब्यात बुडवून पुसला आणि पुन्हा ठोकलं. परत येऊन तिने पेनाला टोपण लावलं.

"नाही सर. नाही बदलायचं." मग, फार हळू, "तुम्ही परत रुग्णाजवळ जा ना, सर."

बत्तीस वर्षांत माझ्या वर्गात कोणी असं बोललं असतं तर मी काय केलं असतं, याचा मी तेवढ्या वेळात विचार केला. डॉक्टर उठले. हात कोमट केले. तात्यांच्या पाठीवर बोट ठेवून ठोकलं, सरकले, ठोकलं. मग कान अगदी पाठीजवळ नेऊन ठोकलं. मग डाव्या बाजूला. मग प्रज्ञाला म्हणाले, "तू ठोक. मी बोट ठेवतो." तिने त्यांच्या बोटावर ठोकलं. ते डोळे मिटून उभे राहिले, बराच वेळ.

"मला दोन्हीकडे बद्दच ऐकू येतंय," ते म्हणाले. "म्हणजे कान गेले माझे. उजवीकडे पाणी असायचं हे मला माहीत होतं, म्हणून मी ते ऐकलं."

तात्या कळवळून म्हणाले, "आवं मग माझं पाणी गेलं का हाय?"

"गेलं तात्या. केव्हाच गेलं."

डॉक्टर टेबलाशी आले, स्वतःच्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं "परीक्षक चुकला", सही केली आणि चिठ्ठी प्रज्ञाच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी तात्यांच्या छातीचा एक्स-रे फोटो काढला. स्वच्छ होता.

त्या संध्याकाळी ते माझ्या जिन्यावर बसले आणि जे मी पुन्हा कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी ते नवे परीक्षक होते. त्या काळी प्रात्यक्षिक परीक्षेला वॉर्डातले रुग्ण ठेवत. यादी आदल्या दिवशी तयार होई: अमुक खाट, अमुक आजार. वॉर्डबॉय मुलांना हळूच सांगत, सात नंबरला उजवीकडे पाणी. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. परीक्षक टेबलाशी बसत, मुलं येऊन उत्तर सांगत. सात नंबरच्या खाटेवरून आलेल्या सगळ्या मुलांनी सांगितलं, पाणी. एकटा सदतीस नंबरचा विद्यार्थी म्हणाला, सर, पाणी नाही. यांनी यादी बघितली आणि म्हटलं, परत जाऊन बघ. तो जाऊन आला. "नाही सर. तुम्ही एकदा बघता का?" यांना तो उद्धटपणा वाटला. अजून अकरा मुलं व्हायची होती. त्यांनी त्याला नापास केलं.

परीक्षा संपवून वॉर्डातून बाहेर पडताना सात नंबरच्या रुग्णाने यांना हाक मारली. घाबरला होता बिचारा. "डॉक्टर, काल सांजच्याला सुई घालून सगळं पाणी काढलं ना? मग परत भरलं का हो? पोरं सकाळपासून पाणी पाणी करतायत."

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"गुणांची पाकिटं सील झाली होती. जोडीचे परीक्षक म्हणाले, जाऊ दे, सहा महिन्यांनी बसेल परत. मी जाऊ दिलं." थोड्या वेळाने, "तो परत बसलाच नाही. गुहागरचा होता. तिथेच असतो, सुपारीची बाग आहे."

मला एकदम केळी आठवली. "म्हणजे गुरुवारी तुम्ही..."

"स्टँडपर्यंत जातो. तिकडची, जयगडची गाडी लागते, सुटते. मग वर्तमानपत्र घेतो."

मी म्हटलं, "मग जाऊन या की."

"प्रज्ञा पास झाली की जाईन."

हे ऐकून मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. म्हटलं, "डॉक्टर, त्या पोरीच्या डोक्यावर आधीच अख्खी वाडी आहे. त्यात तुमचं ओझं कशाला? निकाल काहीही लागो, जानेवारीत आपण जायचं. मी येते बरोबर." त्यांनी मान हलवली. वर्गातल्या मुलासारखी.

प्रज्ञा पेपर देऊन आली ती थेट आमच्याकडे. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "किती बदलली?"

"दोन. दोन्ही वेळा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचला, सर. तो माणूस काय करतो ते दिलेलं होतं एका प्रश्नात. मी आधी बघितलंच नव्हतं." परीक्षेला ती चिठ्ठी आत नेता येत नाही, म्हणून तिने ती सोबत आलेल्या तिच्या आत्याकडे बाहेर ठेवायला दिली होती.

जानेवारीत निकाल लागला. ती पास झाली. तात्या एवढे रडले की पेढ्यांचा बॉक्स माझ्याच हातात राहिला. आणि त्याच गर्दीत प्रज्ञाने बघितलं की डॉक्टर चार पायऱ्या चढून दम घ्यायला थांबतात. ती म्हणाली, "सर, बसा. मला पाठ बघू द्या."

"नाही. आधी दुसऱ्याचा नंबर आहे," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतःच्या छातीचा फोटो काढून आले. पिवळं पाकीट न उघडता पिशवीत ठेवलं. मी रागावले. ते म्हणाले, "गुरुवारपर्यंत, बाई. फक्त गुरुवारपर्यंत."

गुरुवारी डॉक्टर, प्रज्ञा आणि मी असे तिघं निघालो. जयगडपर्यंत एसटी, मग फेरीबोट, पलीकडे वडापची, माणसं भरली की सुटणारी जीप. गाडी सुटली तेव्हा डॉक्टर खिडकीतून स्टँडकडे असे बघत होते जणू कोणालातरी तिथेच मागे ठेवून चाललेत.

गुहागरला बागेत अंगणभर सुपारी वाळत घातली होती. साठी उलटलेला एक माणूस ती पसरत होता. त्याने मान वर केली, बराच वेळ बघितलं, मग हात धोतराला पुसत उठला आणि म्हणाला, "सर. सदतीस नंबर."

डॉक्टरांनी बसायच्या आधी, उभ्यानेच सांगितलं. सात नंबरची खाट, आदल्या संध्याकाळची सुई, सील केलेली पाकिटं. एकही शब्द मवाळ केला नाही. तो माणूस ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे पाणी नव्हतं."

"नव्हतं."

"सर, फॉर्म भरायला मी गेलो होतो. पण कोणाच्याही पाठीवर हात ठेवला की वाटायचं, हा हात खोटं सांगतोय. सगळ्यांना तिथे पाणी लागतं, मलाच लागत नाही. तसल्या हाताने डॉक्टर कसं व्हायचं? म्हणून आलो घरी." राग नव्हता त्याच्या आवाजात. राग असता तर बरं झालं असतं, असं डॉक्टर मला नंतर म्हणाले.

मग डॉक्टर ओटीच्या पायरीवर बसले आणि शर्टाची बटणं काढायला लागले. "तुझी परीक्षा राहिली आहे," ते म्हणाले. "बघ."

"सर, चाळीस वर्षं झाली."

"मला घाई नाही."

त्या घरातल्या वहिनींना मी कोमट पाणी मागितलं. त्यांनी पेल्यातून आणलं, त्यांना वाटलं प्यायला हवंय. त्या माणसाने त्यात बोटं बुडवली. सुपारीने काळवंडलेली, जाड बोटं. पहिल्यांदा नुसताच आवाज निघाला, लाकडावर ठोकल्यासारखा. तो थांबला. प्रज्ञा पुढे सरकली होती, मी तिचा हात धरला. तिला आणि मला दोघींनाही गप्प बसायचं होतं. त्याने पुन्हा बोट ठेवलं. डावी बाजू, वरून खाली. उजवी बाजू. निम्म्यावर येऊन तो थबकला, एक बोट वर गेला, पुन्हा खाली आला.

"उजवीकडे," तो म्हणाला. "इथून खाली बद्द आहे, सर. पाणी आहे."

डॉक्टरांनी पिशवीतलं पाकीट प्रज्ञाला दिलं. तिने फोटो काढून पोफळींच्या मधल्या उजेडात धरला. उजवीकडे खाली पांढरं होतं. तिने मान हलवली. त्या माणसाने फोटोकडे बघितलंही नाही. तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता.

त्या पाण्याचं कारण चांगलं नव्हतं. डॉक्टर जूनपर्यंत होते. प्रज्ञा तेव्हा इंटर्न होती, आता ती लांज्याच्या बाजूच्या आरोग्य केंद्रात आहे आणि तिच्या टेबलावर कोमट पाण्याचा तांब्या असतो.

सई, तुला परीक्षेचं दडपण येतं म्हणालीस. माझ्याकडे उपदेश नाही. वहीचं शेवटचं भरलेलं पान आहे, त्याचा फोटो पाठवते. नोंद मी गुहागरला त्याच ओटीवर केली. रुग्णाच्या रकान्यात डॉक्टरांचं नाव. विद्यार्थी: सदतीस. उत्तर: उजवीकडे पाणी. बरोबर. शेवटचा रकाना रुग्णाने भरायचा असतो, म्हणून मी वही त्यांच्यापुढे केली. शर्टाची बटणं लावता लावता त्यांनी पेन घेतलं आणि शाईने लिहिलं, "हो."

तो माणूस त्यानंतर जूनपर्यंत दर गुरुवारी जयगडच्या गाडीने येत असे. हात धुऊन डॉक्टरांजवळ जाई. येताना केळी आणायचा.

तुमची,
आजी